न्हाणीमागचा नाथा

कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याने आपलं डोकं एकदा तपासून घ्यावं. पण नाशिकरोडला नाल्याकाठच्या वसाहतीत एक माणूस असा होता, की तो दर पावसाळ्यात स्वतःलाच मुळासकट उपटून काढायचा, जुडी बांधून बायकोच्या शेळ्यांपुढे टाकायचा, आणि मग हातपाय धुऊन जेवायला बसायचा. नाव नाथा कचरू पगारे. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करून निवृत्त झालेला, अंगाने किरकोळ, जिभेने मोठा. वाघाची हकिगत सांगायला बसला तर ऐकणाऱ्याच्या मानेला वाघाचा श्वास लागायचा, आणि सगळं संपल्यावर कळायचं की या गृहस्थाने सर्कशीबाहेर वाघ पाहिलेला नाही. त्याला वसाहतीत कुणी खोटारडा म्हणत नसे. 'नाथाभाऊंचं सांगणं' म्हणत. खोटं बोलणं वेगळं आणि सांगणं वेगळं, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सत्त्याऐंशी सालच्या श्रावणातली सकाळ. नाथाभाऊ दुधाची बरणी घेऊन मागच्या आळीने निघाले होते. ऊन आणि भुरभूर यांचा खेळ चालला होता, नाल्याला गढूळ पाणी होतं, आणि त्यांच्या डोक्यात तेव्हा दूध सोडून काहीही नव्हतं. एवढ्यात एका घराच्या मागल्या दारातून बाईचा खणखणीत आवाज आला, "अहो, न्हाणीमागचा नाथा माजलाय नुसता! आज उपटाच त्याला. कोवळा आहे तोवर निघेल, मग नाही कुणाच्या बापाला ऐकायचा." नाथाभाऊ जागच्या जागी थांबले. बरणीचं झाकण पडलं, घरंगळत जाऊन नालीच्या काठावर टेकलं. आपण न्हाणीमागे उभे आहोत की काय, म्हणून त्यांनी एकदा पायांकडे पाहिलं. ते रस्त्यावरच होते. बाई दारात आली. मालनबाई, मालेगावकडून नवीन राहायला आलेली. ती त्यांना ओळखत नव्हती. "काय पाहिजे, बाबा?" नाथाभाऊ म्हणाले, "काही नाही. बाई, नाथा म्हणजे काय हो?" ती हसली. "अहो हे काय, हे झाड! सगळीकडे उगवतं मेलं. तुम्ही नवीन आहात वाटतं इथे?"

दूध घेतलं की नाही, हे त्यांना नंतर आठवेना. घरी आल्यावर बरणीत दूध होतं, म्हणजे घेतलं असावं. ते ओट्यावर बसले आणि समोरच्या त्याच झाडाच्या बुंध्याकडे पाहत राहिले. शब्द कसा झिजतो, हे त्यांना तेव्हा प्रथम दिसलं. सुरुवातीला होतं 'नाथाभाऊंनी आणलेलं झाड'. मग 'नाथाभाऊंचं झाड' झालं. मग कुणीतरी घाईत 'तो नाथाभाऊ छाट रे जरा' म्हणालं, त्यावर सगळे हसले, नाथाभाऊ स्वतः सर्वांत जास्त हसले. तेव्हा ते नाव त्यांच्या ताब्यात होतं. गंमत म्हणून वाटलेलं, संध्याकाळी परत मागून घेता येईल असं. पुढे 'भाऊ' गळून गेला, आणि माणूसही गळून गेला, हे कुणी त्यांना कळवलंच नाही. आता मालेगावहून कालपरवा आलेली बाई 'नाथा' म्हणत होती, आणि तिच्या डोळ्यांपुढे बारीक पानांचं, पांढऱ्या गोंड्यांचं, वाळल्या शेंगांचे घोस वाजवणारं एक माजलेलं झाड येत होतं. नाथाभाऊंनी हनुवटीवरून हात फिरवला. दाढीचे खुंट लागले. कालच तर केली होती.

त्या झाडाचं खरं नाव सुबाभूळ, आणि नाथाभाऊंना भुरळ पडली ती झाडाची नव्हे, त्या 'सु'ची. जनता सरकारचे दिवस होते. कांद्याच्या वॅगनी भरायच्या ड्यूटीवर ते लासलगावला गेले होते, आणि बाजार समितीच्या आवारात, ट्रॅक्टरांच्या आणि लिलावाच्या गोंगाटात, एक सरकारी गाडी भोंगा लावून उभी होती. गाडीवरचा साहेब सांगत होता की ही परदेशातली बाभूळ आहे, हिला काटा नाही, ही वर्षात घराइतकी होते, जनावराला पाला देते, चुलीला सरपण देते, नापीक जमीन सुपीक करते. म्हणून हिचं नाव सु-बाभूळ. सु म्हणजे चांगली. सुपुत्र, सुवार्ता, सुबाभूळ. नाथाभाऊ कांद्याच्या वासात उभे राहून ऐकत होते आणि त्यांना भरून येत होतं. त्यांच्या वडिलांचं नाव कचरू. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आजीने जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं. यमाला वाटावं की कचराच आहे, कशाला उचला. यम फसला, पण बाकी कुणी फसलं नाही. गावात जो तो त्या नावाने मनसोक्त हाका मारायचा, आणि मालधक्क्यावर पहिल्या दिवशी नाथाभाऊंनी पूर्ण नाव सांगितलं तेव्हा हेडक्लार्क म्हणाला होता, "वा, कचऱ्याला कोंब फुटला म्हणायचा." टेबलांवरचे सगळे हसले होते. धम्मदीक्षेनंतर वसाहतीत नव्या मुलांची नावं बघण्यासारखी ठेवली जायची. आनंद, सुजाता, राहुल. माणसांना नवं नाव मिळतं हे नाथाभाऊंनी पाहिलं होतं. पण बाभळीसारख्या काटेरी, रानटी झाडालाही कुणी 'सु' लावतं, हे ऐकून त्यांना आपलाच कुणी भाऊबंद वर चढल्यासारखं वाटलं. त्यांनी रुमालभर बी आणलं. रुमाल फाटका होता म्हणून अर्धं मोज्यात भरलं. मोज्यातलं चालता चालता सांडत आलं, आणि नाशिकरोड स्टेशनापासून वसाहतीपर्यंत त्यांच्या पावलांमागोमाग झाडं उगवली, असं ते पुढे सांगत. हे त्यांचं सांगणं होतं. तरी त्या रस्त्याने गेलं की झाडं दिसतात खरी.

पहिलं रोप न्हाणीमागे लावलं. त्या उन्हाळ्यात वसाहतीला एकच नळ होता आणि तोही मनाला येईल तेव्हा येणारा. झाडाला पाणी घालायला त्यांची बायको सिंधुबाई होतीच. नळावर तिचं कुणाशी तरी भांडण झालं, हंड्याचा काठ कपाळाला लागला, खोक पडली. त्याचा व्रण आजही तिच्या भुवईवर आहे. नाथाभाऊ तेव्हा ड्यूटीवर होते. घरी आल्यावर त्यांनी कपाळ पाहिलं, मग न्हाणीमागे जाऊन रोपाची माती पाहिली. ओली होती. "बरं झालं," ते म्हणाले. झाड असं वाढलं की सकाळी फांदीवर टाकलेला सदरा संध्याकाळी काठीने काढावा लागे. इथे दोन बोटं कमी धरली तरी चालतील. सिंधुबाईने शेळ्या घेतल्या. दारची हिरवळ दारीच खाऊन त्या गुबगुबीत झाल्या. लोक बी मागायला यायचे, आणि नाथाभाऊ बी देताना गोष्टही द्यायचे. याची मुळं पाताळापर्यंत जातात. याच्या सावलीत झोपलेल्या म्हाताऱ्याला दात येतात. शाळेने कुंपणाला लावलं, विहाराच्या मागे लावलं, नाल्याच्या काठाने लावलं. जयभीम घालणारा प्रत्येक माणूस आधी झाडाची चौकशी करायचा, मग त्यांची. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या नावाला सावली पडत होती.

मग कधीतरी, कुणाच्या लक्षात येईल असं काही न घडता, ते जास्त झालं. शेंगा वाळून वाऱ्यावर खुळखुळ्यासारख्या वाजल्या, बी उडालं, आणि पावसाळ्यात नालीच्या फटीत, गच्चीच्या कोपऱ्यात, विहाराच्या पायरीत, जिथे म्हणून मातीचा कण होता तिथे, हिरवी बारीक पानं उभी राहिली. ती इतकी दाट झाली की खाली तरोट्यासारखं तणसुद्धा उगवेना. नाल्याच्या वळणावर एक गावठी बाभूळ होती, काट्यांची, तिला सुगरणींचे खोपे लटकायचे. चारी बाजूंनी उंच होत गेलेल्या या पाहुण्यांमध्ये ती उन्हासाठी मान लांब करत करत एका उन्हाळ्यात वाळली. खोपे काही दिवस लटकत राहिले. नुसता हाच पाला खाऊन कुंभाराच्या गाढवाची आयाळ झडली, शेपटीचा गोंडा गेला. ही थाप नव्हे, ते गाढव सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्याच्याकडे पाहून लोक नाथाभाऊंकडे का पाहतात हे नाथाभाऊंना तेव्हा कळलं नव्हतं. ते म्हणायचे, झाडाचा काय दोष? त्याच्या मुलखात त्याला खाणारी कीड असेल, अडवणारं दुसरं झाड असेल, कुणीतरी वडीलधारं असेल. इथे त्याला कुणी परकं म्हटलं नाही आणि कुणी थांब म्हटलं नाही. आदर फार मिळाला की बिघडतंच कुणीही. हे बोलताना ते झाडाविषयी बोलत असत.

मालनबाईच्या त्या सकाळनंतर त्यांनी कुऱ्हाड काढली. न्हाणीमागचं झाड गुडघ्याइतकं ठेवून तोडलं. सिंधुबाई बघत उभी होती. पाला गोळा करून शेळ्यांकडे घेऊन गेली. भाद्रपद लागेपर्यंत त्या खुंटातून फुटवेच फुटवे आले, एकाच्या जागी गर्दी. नाथाभाऊंनी मीठ घातलं. मग रॉकेल घातलं, आणि आठवडाभर घरात स्टोव्हवरून बोलणी खाल्ली. शेवटी त्यांना कळलं की कापून हे मरत नाही, कापणं म्हणजे त्याला डिवचणं. खुंटाची साल जमिनीपर्यंत सोलून काढायची, त्यावर पोती पांघरायची, उजेड बंद करायचा, आलेला प्रत्येक फुटवा पिवळा असतानाच मोडायचा, आणि मोडत राहायचं. त्याच्या मरण्याला घाई चालत नाही. शेंग तपकिरी व्हायच्या आत छाटायची, कारण एकदा बी मातीत गेलं की ते तुमच्यापेक्षा जास्त धीराने वाट बघतं. आणि रोपं उपटायची ती पावसानंतर, माती सैल असताना, बुडाशी धरून, सरळ वर. मूळ निघताना जुनं कापड फाटल्यासारखा आवाज होतो. तो आवाज नाथाभाऊंच्या पोटात कुठेतरी व्हायचा. वसाहतभर ते वाकून फिरू लागले. "नाथाभाऊ काय करतायत?" "नाथा उपटतायत." मागे हसण्याची लाट यायची आणि ते न ऐकल्यासारखं करायचे. वाकल्यावर कानात रक्त वाजायचं. एखादं रोप हातात आलं की ते त्याच्याकडे क्षणभर बघत राहत: वर बोटभर पानं, खाली त्याच्या दुप्पट मूळ. एवढं खाली कशाला जातोस रे? कोण बोलावतं तुला? आणि मग त्यांना वाटे, आपण गेल्यावर या वसाहतीत आपलं काय राहील, तर हे. फटीत उगवलेलं आणि कुणीतरी शिवी देऊन उपटलेलं. वडिलांचं नाव कचरू होतं, निदान ते नाव ठेवताना कुणाच्या तरी मनात ते पोर जगावं एवढी इच्छा होती. आपलं नाव चांगलं ठेवलेलं असून आपण ते स्वतःच्या हाताने उकिरड्यावर पोचवलं. हा हिशेब त्यांना कुठल्याच बाजूने जुळेना.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता क्षीरसागर मॅडम आल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पायांत बूट, खांद्याला शबनम, चेहरा सावध आणि हसरा. नाल्याकाठची झाडं बघत बघत त्या वसाहतीत शिरल्या आणि नेमक्या नाथाभाऊंच्या ओट्याजवळ, नळाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना त्यांनी विचारलं, "हे झाड तुमच्याकडे काय म्हणून ओळखतात?"

"नाथा," मालनबाई म्हणाली.

"नाथा? हे नाव मी कुठेच ऐकलं नाही. मला फार हवं आहे हे. गावोगावची नावं जमवतेय, पुस्तक छापायचंय." मॅडमनी पेन काढलं. "आणि आजी, तुम्ही काय म्हणता याला?"

हे सिंधुबाईला होतं. ती ओट्याच्या कडेला तांदूळ निवडत बसली होती. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. सिंधुबाईने लग्नात उखाणा घेतला त्यानंतर नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. पोस्टमनने विचारलं तरी ती दारावरच्या पाटीकडे बोट दाखवायची. त्यामुळे साऱ्या वसाहतीत त्या झाडाला नाव नसलेली ती एकटीच होती. "मी नुसतं झाड म्हणते," ती ताटातून मान वर न करता म्हणाली.

"पण नाथा का? काही कारण असेल ना?"

बायकांच्या नजरा हळूहळू ओट्यावरच्या माणसाकडे वळल्या. नाथाभाऊ मॅडमच्या पेनाकडे बघत होते. छापणार. म्हणजे वसाहत उठून गेली तरी, नाला बुजला तरी, कुठल्यातरी कपाटात लिहिलेलं राहणार की नाशिकला या तणाला नाथा म्हणतात. धोंडाबाई, त्यांची शेजारीण, तोंड उघडणारच होती. त्याआधी त्यांनी उघडलं.

"मी सांगतो मॅडम. तुमचा विश्वास बसणार नाही. हे मूळ नाथा नाही, नाथन. नाथन सायब. इगतपुरीला घाटात बोगदे पाडत होते तेव्हाचा इंजिनेर. उंच इतका की बोगदा आधी त्याच्या मापाने पाडायचे, मग गाडीच्या. दाढी अशी, की सुगरणीने तीत खोपा केलेला."

"अगंबाई," मालनबाई म्हणाली.

"सायबाला झाडांचं वेड. त्याने सातासमुद्रापलीकडून हे बी आणलं. कसं आणलं? मोज्यात! गोरा माणूस, मोजे लांब. घाटातून इकडे बदली झाली तेव्हा इथेच, या जागेवर, बंगला बांधला आणि न्हाणीमागे पहिलं रोप लावलं." मॅडम लिहीत होत्या. पेन कागदावर चालताना दिसलं आणि नाथाभाऊंचा जीव हलका झाला. नाव त्यांच्या अंगावरून उतरून त्या उंच, न झालेल्या माणसाच्या अंगावर चढत होतं, आणि त्याला ते मापात बसत होतं. आता थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गोष्ट थांबत नव्हती. रोप लावलं, आता पुढे? उन्हाळा आला. उन्हाळा आला म्हणताच त्यांना तो एकुलता एक नळ दिसला, तापलेली माती दिसली, आणि त्या मातीवरून पाय उचलत उचलत चालणारी एक बाई दिसली. त्यांनी तिला तेव्हा पाहिलंच नव्हतं. ते तर ड्यूटीवर होते. मग आता इतकी स्पष्ट कुठून दिसत होती?

"सायब दिवसभर कामावर," ते म्हणाले, आणि आवाज आपोआप खाली आला. "झाड जगवलं ते मडमने. उन्हात पाय भाजायचे. पाणी एकेक हंडा. रांगेत उभं राहायचं, नळ गेला तर पुन्हा यायचं. घरात प्यायला कमी पडलं तर स्वतः तहानेली राहील, पण झाडाची माती ओली. डोक्यावर पदर घेऊन..."

"मडमला पदर?" मॅडमचं पेन थांबलं.

"झग्याचाच हो, झग्याचा पदर. ऊन काय, गोऱ्या माणसालाही लागतंच. एक दिवस नळावर भांडण झालं. कुणीतरी हंडा मारला, इथे, भुवईच्या वर. रक्त डोळ्यात उतरलं. तिने आपला हंडा भरला आणि आणून बुडाशी ओतला. संध्याकाळी सायब आला, त्याने कपाळ बघितलं, माती बघितली, आणि..." इथे नाथाभाऊ अडखळले. सायबाने काय करावं हे त्यांना सुचेना. सायबाने खूप काही करायला हवं होतं. "आणि त्याने तिचे पाय धुतले, मॅडम. राहिलेल्या पाण्याने. म्हणाला, बाई, हे झाड माझ्या नावाने ओळखतील, पण ते तुझं आहे."

नळाला पाणी आलं होतं आणि कुणी हंडा लावला नव्हता. "किती सुंदर," मॅडम म्हणाल्या, आणि लिहू लागल्या. "नाथन... इंजिनिअर... आणि त्यांची पत्नी, तिचं नाव काय होतं?"

तांदळाचं ताट ओट्यावर आपटलं. दाणे उडाले. सिंधुबाई उठून उभी राहिली होती, भुवईवरचा पांढरा व्रण ताणला गेला होता, आणि रागावली की बाहेर पडणारी, 'आहे'ला 'शे' म्हणणारी तिची माहेरची नामपूरची बोली तोंडी आली होती.

"खोटं! खोटं बोलतोय हा माणूस. मडम नव्हती का कोणी नव्हतं. पानी मी टाकं. हंडा मला लागला." ती मॅडमच्या पेनाकडे बोट दाखवत होती. "ते खोडा बाई. नाथन कोन? नाथा. नाथा शे त्यानं नाव!"